विनंतीचे विषय

८ ऑगस्ट, गुरुवार

पेठच्या गाडीतून आज आलं ते असं : नागली साडेचार किलो. वरई दोन किलो. उडीद किलोभर, निवडून पाखडलेले. करवंदाच्या लोणच्याची बरणी एक, झाकणाला तडा. पत्र एक. कंडक्टरला वीस रुपये दिले, नको नको म्हणाला आणि खिशात टाकले. स्टँडवरून शेअर रिक्षा तीस. म्हणजे पन्नासात सगळं घरात. बरणीला ज्योत्स्नाने इतकी चिकटपट्टी गुंडाळली होती की ह्यांनी पकड आणून सोडवली. "सून आहे की पॅकिंग डिपार्टमेंट?" म्हणाले. सातपूरच्या कंपनीत तेहतीस वर्षं काढली, ह्यांना प्रत्येक गोष्टीला डिपार्टमेंट लागतं.

ही वही मी दोन्हीकडून वापरते. पुढून घरखर्च, मागून मनातलं. दुसरी वही म्हणजे आणखी चाळीस रुपये.

पत्र चर्चच्या मंडळीसाठी आहे. आमचा रवी कुठल्या मोठ्या संस्थेचा मिशनरी नाही, आमच्याच चर्चचा आहे. मंडळीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्याला नि ज्योत्स्नाला पेठच्याही पलीकडे जांभूळदऱ्याला पाठवलं. डिसेंबरात तीन वर्षं होतील. घरोघरी बायका भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढतात, ती मूठ त्यांच्यासाठी. त्याबदल्यात त्यांनी महिन्याला एक पत्र पाठवायचं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तांदूळ जमा होतात आणि उपासनेत ते पत्र वाचतात. पत्राचे भाग दोन. आधी स्तुतीचे विषय, मग विनंतीचे विषय. रवीला लिहायला सवड नसते, ज्योत्स्नाच लिहिते. माझं अक्षर चांगलं म्हणून पक्क्या वहीत उतरवून घेणं आणि वाचणं माझ्याकडे. तरुण पोरं म्हणतात, व्हॉट्सॲपवर टाका की. पण सेक्रेटरी रंगनाथराव म्हणतात, पत्र म्हणजे पत्र.

स्तुतीचे विषय छान आहेत. सात घरं आता प्रार्थनेला येतात. म्हाताऱ्या बायका अक्षरं गिरवतात. विनंतीचा भाग मात्र लांबला आहे. सगळं वाचलं तर लोक घड्याळ बघतात. काही ओळी मी गाळणार आहे. कुणी एवढं लिहिलेलं टाकवत नाही, म्हणून इथे उतरवून ठेवते :

"मला पाचवा लागला आहे. उलट्या थांबल्या. फोनला रेंज टेकडीवर येते, पण आता चढवत नाही, म्हणून काही दिवस माझा आवाज ऐकू येणार नाही. रवी आठवड्यातले चार दिवस वरच्या पाड्यांवर असतात. मला एकटं वाटू नये म्हणून प्रार्थना करा."

पहिली बातमी मंडळीला माझ्या तोंडून कळावी, पत्रातून नको. आणि एकटं वाटतं हे काय वाचून दाखवायचं असतं? लोक म्हणतील, सुमनबाईची सून रडते.

११ ऑगस्ट, रविवार

वाचलं. बाकांवरून "आमेन, आमेन" आलं. उज्वला सिस्टर उपदेशात डुलक्या काढते, पण पत्राला टक्क जागी. देवळाली कॅम्पात नर्स होती, बत्तीस वर्षं नोकरी. तिसऱ्या बाकावर पंख्याखाली बसते. बाहेर पडताना म्हणाली, "सुमन, पत्र कसं गं नेहमी गोड गोड असतं? तिथे मच्छर नाहीत का?"

मी म्हटलं, "मच्छर काय वाचून दाखवू?"

"दाखव की. मच्छरासाठी पण प्रार्थना करू. फुकटच आहे."

सगळे हसले. तिची जीभ अशीच आहे.

रंगनाथरावांनी आठवण करून दिली, की कापणीचा सण झाला की चर्चच्या पंचांची बैठक, आणि त्यात ठरणार रवीला पुढची तीन वर्षं पाठिंबा द्यायचा की नाही. "मिशनरी टिकतो की नाही हे बायकोवर असतं, सुमनबाई. मागच्यांचं पाहिलंत ना." मागचे म्हणजे आठ वर्षांपूर्वी पाठवलेलं जोडपं. दीड वर्षात परत आलं. बाईला पाणी मानवलं नाही म्हणे. अजून सणासुदीला कुणी ना कुणी त्यांची नक्कल करतंच. ती बाई आता दुसऱ्या चर्चला जाते.

५ सप्टेंबर, गुरुवार

आलं : पत्र एक. भोपळा एक. कुसाबाई नावाची शेजारीण आहे तिथे, तिच्या वेलाचा. बसचा कंडक्टर ओळखीचा झाला, पैसे घेतले नाहीत. त्याला लोणचं दिलं थोडं.

गाळलेलं :

"रक्त कमी आहे असं आशाताई म्हणाल्या. गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी तोंड कडू पडतं. संध्याकाळी पाय सुजतात, चप्पल जात नाही. कुसाबाई गरम पाण्यात मीठ टाकून देतात. त्यांना माझी भाषा अर्धी कळते आणि मला त्यांची अर्धी, दोन्ही मिळून एक होते."

शेवटचं वाक्य आवडलं मला. ठेवावंसं वाटलं होतं, पण आधीचं सोडून तेवढंच कसं ठेवणार?

पाय सुजतातच. माझे रवीच्या वेळी इतके सुजले होते की ह्यांची स्लीपर घालून मी नळावर जायचे.

१४ सप्टेंबर, शनिवार

रवीचा फोन. पेठला बाजाराला आला होता. आवाज किती खणखणीत झालाय त्याचा. वरच्या पाड्यावर बाप्तिस्मा मागणारी दोन माणसं आहेत, सारखं तेच बोलत होता. विचारलं, ज्योत्स्ना कशी आहे? "ठीक आहे आई. देव सांभाळतोय." मी म्हटलं, तिला फोन दे कधीतरी. म्हणाला, "ती कशी येणार बाजाराला, चार तास लागतात जायला-यायला."

ह्यांनी फोन घेतला आणि विचारलं, "रवी, घरी किती दिवस असतोस तू?" तो हसला बहुतेक. ह्यांनी फोन मला परत दिला आणि जाऊन सायकल पुसायला लागले. पुसलेलीच सायकल.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पत्र आलं, गाडीवाल्याने पेठच्या पोस्टात टाकलेलं. बाकी काही नाही. पाकिटाला तिकीट कमी लागलं होतं, पोस्टमनला दहा दिले.

ह्या वेळचं पूर्ण उतरवते.

"विनंतीचे विषय. एक. मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मला माहेर नाही हे मंडळीला ठाऊक आहे. वसतिगृहात वाढले, लग्नात माझ्या बाजूने मंडळीच उभी राहिली होती. तेव्हा पाळकसाहेब म्हणाले होते, आजपासून ही मंडळी तुझं माहेर. म्हणून तुम्हांलाच विचारते. मला न्यायला कुणी येऊ शकेल का? दोन. डोकं फार दुखतं, चार चार दिवस. कधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आशाताई म्हणतात खाली जा, रवी म्हणतात सण झाला की जाऊ. तीन. बाळाच्या नावासाठी प्रार्थना करा. एक नाव माझ्या मनात आहे. अजून कुणाला सांगितलं नाही, रवींनाही नाही. हातात घेतलं की सांगेन."

वाचून पदर डोळ्याला लावला. माझं चुकलंच. सून मंडळीला विचारते, न्यायला या, म्हणजे सासूने विचारलंच नाही असं झालं. आणि खरंच विचारलं नव्हतं. मी धरून चालले होते की डिसेंबर लागला की येईल.

पण हे चर्चमध्ये वाचायचं कसं? एका महिन्यावर बैठक. रंगनाथराव लगेच म्हणतील, झालं, आली परत.

हे म्हणाले, "पत्र वाचतेस की गाळतेस?"

मी म्हटलं, "तुम्हांला नाही कळत चर्चचं."

"चर्चचं नाही कळत. जीप किती घेते तेवढं विचारून येऊ का? उद्या निघू, परवा घेऊन येऊ."

"कापणीचा सण होऊ द्या. बैठक होऊ द्या. मग मी स्वतः जाईन, आणि बाळंतपण झाल्यावर मंडळीला सांगता येईल, सून परत सेवेच्या शेतावर, जांभूळदऱ्याला गेली. मग कुणाचं तोंड उघडणार नाही."

हे काही बोलले नाहीत. ह्यांचं न बोलणं मला नेहमी होकार वाटतं.

ज्योत्स्नाला कार्ड टाकलं : काळजी करू नकोस, सण होताच मी येते, डोकं दुखतं तर सुंठ उगाळून लाव.

१३ ऑक्टोबर, रविवार

वाचलं. विनंतीच्या भागात एवढंच वाचलं की "मिशनरी कुटुंबाच्या आरोग्यासाठी". खोटं तर नाही ते.

उज्वला सिस्टर म्हणाली, "आरोग्य म्हणजे काय? कुणाचं? काय होतंय?"

"गरोदर आहे ना ती, मग होणारच थोडंफार."

"बीपी बघतात का तिथे कुणी?"

"आशाताई आहेत."

तिला अजून काही विचारायचं होतं. पण रंगनाथरावांनी मला सणाच्या लिलावाची यादी करायला बोलावलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

पेठच्या गाडीने दोन पोती आली. नवी नागली, ह्या सालची. सणासाठी ज्योत्स्नाने पाठवली. बरोबर चिठ्ठी, चारच ओळी. अक्षर असं तिरकं तिरकं गेलंय, जणू बसून नाही लिहिलं.

"आई, नागली मीच पाखडली, खडे नाहीत. ह्या महिन्याचं पत्र वेगळं लिहीत नाही, मागच्याच विनंत्या अजून तशाच आहेत. त्याच पुन्हा वाचाव्या. तुमचं कार्ड मिळालं. वाट बघते."

"त्याच पुन्हा वाचाव्या." हे मी सकाळपासून दहादा वाचलं असेल. तिला वाटतंय की मी वाचल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

कापणीचा सण. वेदीपुढे ऊस, भोपळे, केळीचा घड, अंडी, दोन कोंबड्या पाय बांधून. उपासना झाल्यावर लिलाव. लिलाव पुकारायला दरसालप्रमाणे दत्तू भालेराव. त्याचा आवाज म्हणजे भाजी बाजारातला.

"एक नारळ! एक नारळ पन्नास! अहो पंच, पन्नासात नारळ नेता? देव बघतोय वरून!"

"दत्त्या, देवाला भाव माहीत आहे!" कुणीतरी मागून ओरडलं.

मग आमची नागली आली. दत्तूने मूठभर हातात घेऊन फुंकली. "बघा, खडा नाही, कोंडा नाही. आपल्या मिशनरीणबाईंनी आठव्या महिन्यात हाताने पाखडलीय! बोला!"

भराभर बोली चढली. एकेक किलोच्या पिशव्या केल्या होत्या, एकेक पिशवी दोनशे, तीनशेला गेली. एकाने घेऊन परत अर्पण केली, ती पुन्हा विकली. रंगनाथराव स्वतः उठले, दोन पिशव्या घेतल्या. सगळी मंडळी माझ्याकडे बघून हसत होती. मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. उज्वला सिस्टर मात्र हसली नाही. "आठव्या महिन्यात पोरगी सुपाने पाखडते आणि आपण बोली लावतो," म्हणाली. मला राग आला तिचा. सणाच्या दिवशी असं बोलतात का?

बैठक पुढच्या रविवारी. सोमवारी, अठरा तारखेला, मी जांभूळदऱ्याला निघते. जीप ठरवली. हे येणार आहेत. खोलीत तिची खाट लावली, दुपटी उन्हात टाकली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलगी होती. रडली नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ज्योत्स्ना काचेपलीकडे आहे. झटके थांबले म्हणतात. डोळे उघडले, मला पाहिलं आणि मिटले.

काय झालं ते कुसाबाईने सांगितलं. गुरुवारी सकाळी ती पाणी घेऊन गेली तर ज्योत्स्ना चुलीपाशी पडलेली, दातखीळ बसलेली. चादरीची झोळी करून चार माणसांनी तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तिथून जीपने पेठ, पेठहून ॲम्ब्युलन्सने नाशिक. रवी वरच्या पाड्यावर होता, त्याला निरोप जाऊन तो पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. कुसाबाई अनवाणीच ॲम्ब्युलन्समध्ये चढली होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, नाशिकमध्ये तिचं कुणी नाही. मी तिला चहा दिला. तो हातात धरून म्हणाली,

"तू सासू ना तिची? तिनं लिवले ते कागद मीच नेऊन दिले गाडीवाल्याला. ती म्हणं, कागद गेला, आता चर्चवाले येतील न्यायला. रोज रस्त्याकं बघं. मी म्हणं, येतील गं, लय मोठी माणसं हाईत ती. कोणी आलं नाय."

चहा गार झाला तिचा. मग ती म्हणाली, "पोर चांगली हाय. तिला माझी भाषा येती अर्धी."

संध्याकाळी उज्वला सिस्टर आली. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलली, कागद वाचले. मग माझ्याजवळ बाकावर बसली. "बीपी आकाशाला गेलं होतं. आधी डोकं दुखलं असणार तिचं. डोळ्यांपुढे काही चमकत होतं का? कुणाला बोलली होती?"

मी म्हटलं, "काजवे."

"काय?"

"पत्रात लिहिलं होतं. काजवे चमकतात. ऑक्टोबरच्या."

तिने हातातले कागद मिटले. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "सुमन, मी तिसऱ्या बाकावर होते गं. दर महिन्याला होते."

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पुरलं. पाळकसाहेब, रवी, हे, दत्तू भालेराव आणि आम्ही दोघी-तिघी. दत्तूने खड्डा खणला. पेटी इतकी लहान की ह्यांनी एकट्याने उचलली. पाळकसाहेबांनी विचारलं, नाव? रवीने मान हलवली. तो फक्त रडत होता. मग नाव न घेताच प्रार्थना केली.

दुपारी पंचांची बैठक झाली. रवीला पुढची तीन वर्षं पाठिंबा, एकमताने. रंगनाथरावांनी घरी येऊन सांगितलं. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. मी आभार मानले. सवयीने मानले. ते गेल्यावर लक्षात आलं की तीन महिने मी हेच मागत होते आणि ते मिळालं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ज्योत्स्नाला सोडलं. आपल्या घरी आली नाही. मनमाडच्या वसतिगृहातून मार्थाबाई तिला न्यायला आल्या. लहानपणी त्यांनीच सांभाळलं तिला. सत्तरी उलटलेली बाई, काठी टेकत आली. निरोप मिळाला त्याच दिवशी निघाली. कुणी ठराव नाही केला.

मी म्हटलं, "ज्योत्स्ना, घरी खाट लावलीय बाळ."

ती म्हणाली, "आई, तुम्ही वाचलं होतं ना चर्चमध्ये? सगळ्यांनी ऐकून पण कुणी आलं नाही, हेच मला कळत नाही. एवढंच सांगा, काय म्हणाले लोक?"

मी खोटं बोलू शकले असते. लोकांवर गेलं असतं ते, मी सुटले असते. मी म्हटलं, "मी वाचलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी अनोळखी बाई बसमध्ये शेजारी येऊन बसावी तसं. मग मार्थाबाईंचा हात धरून चालू लागली. रवी मागून गेला, तर तिने नुसता हात वर करून त्याला थांबवलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

रवी परत गेला जांभूळदऱ्याला. दोन माणसांचा बाप्तिस्मा ठरलेला आहे म्हणे. मी अडवलं नाही, डबाही भरून दिला. तो गेल्यावर हे म्हणाले, "आपण दोघांनी मिळून वाढवलाय त्याला." एवढंच. मला वाटायचं रवी माझ्यावर गेलाय. ह्याचा मला अभिमान होता.

ज्योत्स्नाचा फोन बंदच लागतो.

६ डिसेंबर, शुक्रवार

पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, परवा दुसरा रविवार आहे, पत्र वाचायचं आहे. ते म्हणाले, "पत्र कुठलं, ह्या महिन्याला आलंय का?"

"जुनी आहेत. राहिलेली."

त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सुमनबाई, देवाने क्षमा केली. मंडळीसमोर कशाला?"

मी म्हटलं, "तिने देवाला नव्हतं लिहिलं. मंडळीला लिहिलं होतं. ज्यांचं पत्र त्यांना द्यायला नको?"

८ डिसेंबर, रविवार

पक्की वही नेली नाही. हीच नेली, मागच्या बाजूने उघडून. स्तुतीचे विषय सोडले. तारीख सांगायची, ओळी वाचायच्या, पुढची तारीख. माहेर नाही, तिथे अडखळले. परत पहिल्यापासून वाचलं ते वाक्य. आमेन कुणी म्हटलं नाही. मग म्हटलं, ह्या ओळी मी गाळल्या, कारण मला आपल्या लोकांची भीती वाटली. एवढंच आहे, आणि बसले.

उज्वला सिस्टर उठून आली आणि माझ्या बाकावर बसली. अजून नीट बोलत नाही. पण बसली.

गेटपाशी रंगनाथराव थांबले होते. म्हणाले, "तुम्ही तेव्हा वाचलं असतं तरी मी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही. कदाचित म्हटलं असतं, बैठकीत ठेवू." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हांला माझी भीती वाटली ना?" मी हो म्हटलं.

११ डिसेंबर, बुधवार

मार्थाबाईंशी बोलले, वसतिगृहाच्या फोनवर. ज्योत्स्ना जेवते थोडं. लहान मुलींच्या वेण्या घालून देते. बोलत नाही कुणाशी. "पण पत्र आलं तर वाचेल," म्हणाल्या. "पत्रावर तिचा विश्वास आहे अजून."

हे रोज सातपूरला जातात, एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये. लोखंडाचा लहानसा क्रॉस केलाय स्वतः. कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत केल्यात, की हात फिरवला तर कुठे टोचत नाही. मधे पितळेची पट्टी बसवलीय, ती कोरी आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज मनमाडला पार्सल केलं. त्यात घातलेल्या पत्राची प्रत इथे ठेवते. पूर्ण.

"प्रिय ज्योत्स्नास,

पार्सलमध्ये आहे ते असं. डिंकाचे लाडू एकवीस. मंडळीतल्या बायकांच्या मुठीचे तांदूळ पाच किलो, मार्थाबाईंकडे दे. लोकरीचे मोजे एक जोड. कानटोपी एक. तुझीच पत्रं चार, पाकिटात, ती तुझी आहेत. लाडू रोज सकाळी एक खा. बाळ नसलं तरी तू बाळंतीण आहेस, हे कुणी तुला सांगितलं नसेल.

रविवारी तुझ्या विनंत्या वाचल्या, एक ओळ न सोडता. उशीर झाला हे मला लिहायला नको, तुला माहीत आहे. लोक काय म्हणाले ते तू विचारलं होतंस. काही म्हणाले नाहीत. पण सोमवारपासून एकेक बाई घरी येते आणि मूठ ठेवून जाते, दुसऱ्या रविवारची वाट बघत नाही. दत्तू भालेराव कबरीवरचं गवत काढून आला. उज्वला सिस्टर म्हणते, महिन्यातून एक दिवस ती पेठकडच्या पाड्यांवर बीपीचं मशीन घेऊन जाणार. रंगनाथराव गाडी देतो म्हणाले. कुसाबाईंना चपला पाठवल्या, मापाचा अंदाजच केला.

तू परत ये असं मी लिहीत नाही. रवीचं मी काही लिहीत नाही, त्याचं त्याने लिहावं. मला माफ कर असंही लिहीत नाही, ते लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल.

एकच विनंती आहे. तुझ्या सासऱ्यांनी क्रॉस केलाय. पट्टी कोरी आहे. चर्चच्या रजिस्टरमध्येही जागा कोरी ठेवायला सांगितली आहे पाळकसाहेबांना. तू लिहिलं होतंस, एक नाव मनात आहे, हातात घेतलं की सांगेन. आम्ही कुणी दुसरं नाव ठेवणार नाही. तुला सांगायचं नसेल तर पट्टी कोरीच राहील, तेही चालेल, पण तसं कळव. पाकीट सोबत ठेवलंय, पत्ता लिहून, तिकीट लावून, ह्या वेळी पुरेसं. तुला नुसता एकच शब्द लिहायचा आहे. जो असेल तो मी गाळणार नाही. उलट टपाली कळव.

तुझी,
आई"